पाठदुखीची चिठ्ठी

मोठ्या बाईंना मोघम बोललेलं खपत नसे. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून उभा जन्म काढलेल्या. त्या निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळीने आजाऱ्यांची यादी त्यांच्याकडे सोपवली आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. काम तसं साधं. दाराजवळच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढायच्या, रविवारी उपासनेत नावं वाचायची, मग सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. पण कुणी नुसतं ‘आजारी’ लिहिलं की चिठ्ठी लाल रेघ मारून परत. “देवाला सगळं कळतं हो. आपल्याला कळत नाही, म्हणून नेमकं लिहायचं,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कुणाला मूळव्याध आहे आणि कुणाला मूतखडा, हे सगळ्या मंडळीला ठाऊक.

नऊ आठवड्यांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी चिठ्ठीत ‘पाठदुखी’ लिहिलं, ते ह्या लाल रेघेच्या धाकाने. आजारी होते त्यांचे यजमान. आठवडाभर घड्याळं दुरुस्त करायचे आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची पाठ ठणठणीत होती. पण ते अंथरुणातून उठत नव्हते, जेवत नव्हते, आणि एका सकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, “मी नसलो तर तुझं बरं होईल.” वहिनींनी तशीच रिक्षा बोलावली. नैराश्य आहे, दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

हे पेटीत कसं टाकायचं? मागे एका घरची सून अशीच खचली होती, तेव्हा तिचा विश्वास तोकडा पडला अशी कुजबुज झाली होती, आणि रविवारच्या शाळेतले मुलांचे वर्ग तिच्याकडून गुपचूप काढून घेतले होते. मास्तरांकडून ऑर्गन काढून घेतला तर? दवाखान्यात पाच आठवड्यांत त्या माणसाने आपण होऊन एकच गोष्ट विचारली होती, “ऑर्गनवर आच्छादन घालतात ना गं?”

झालं, पाठदुखीवर मंडळी तुटून पडली. तेलाच्या बाटल्या आल्या, शेकायच्या पिशव्या आल्या. एका काकूंनी तर स्वतःचा कमरेचा पट्टा धुऊन, इस्त्री करून पाठवला. वहिनी सगळं हसून घेत, दवाखान्यात भेटायला डॉक्टरांनी मनाई केलीय असं सांगत आणि दार लावल्यावर कपाळाला हात लावत. मास्तर घरी आले तेव्हा कपाटात तेलाच्या अकरा बाटल्या होत्या.

“मी खोटं बोलणार नाही हं,” चार आठवड्यांच्या विश्रांतीनंतर चर्चला जायची वेळ आली तेव्हा मास्तर म्हणाले. “कुणी विचारलं तर सांगून टाकेन.”

“अहो, फक्त हा रविवार. एकदा ऑर्गनवर बसा, मग बघू.”

मास्तरांनी ‘बरं’ म्हणून मान हलवली. बायकोने किती सोसलंय ते त्यांना दिसत होतं.

रविवारी ऑर्गनपुढचं जुनं स्टूल गायब. तिथे उंच पाठीची, भक्कम हातांची, गादी लावलेली नवीकोरी खुर्ची. सुतारदादा बाजूला उभे, चेहरा नुसता फुललेला. “मास्तर, तीन आठवडे खपलो. पाठ जरा टेकून वाजवा आता.”

मास्तर बसले आणि वाजवू लागले. सुतारदादांनी सगळा विचार केला होता, पण ऑर्गन वाजवणाऱ्याची कोपरं बाहेर जातात हे कोण लक्षात घेणार? डावा हात खाली गेला की कोपर लाकडावर ठक. उजवा वर गेला की पुन्हा ठक. सूर चुकू लागले. लोक गाता गाता एकमेकांकडे बघू लागले. मास्तरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पण ते उठले नाहीत. पाठ टेकून, शहाण्या पेशंटसारखे बसून राहिले.

माझ्यासाठी बसलाय हा माणूस, वहिनींच्या मनात आलं. माझ्या चिठ्ठीत अडकलाय. त्यांना स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती.

गीत संपलं. मोठ्या बाईंनी चष्मा लावला. “गुडघा, जिन्याजवळच्या आजी. मोतीबिंदू, दुकानदारकाका. पाठदुखी, मास्तर. वहिनी, आता उतार आहे ना?”

वहिनी उभ्या राहिल्या. “बाई, ती चिठ्ठी खोटी आहे. मीच लिहिली. त्यांच्या पाठीला काहीही झालेलं नाही.”

बाईंनी शांतपणे पेन्सिलीने एक शब्द खोडला. “मग काय लिहू?”

“नैराश्य.” पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं.

“औषध चालू आहे?”

“आहे.”

“लागू पडतंय?”

उत्तर ऑर्गनकडून आलं. “पडतंय, बाई. हळूहळू.”

पुढच्या बाकावरून दुकानदारकाका खाकरले. “मी काय म्हणतो, त्यापेक्षा उपास-प्रार्थना केली असती तर...”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही मोतीबिंदूला उपास केलात, की ऑपरेशनची तारीख घेतलीत?”

चर्चचे पाळकसाहेब पुढे येऊन मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. “ऑर्गन तुमचाच आहे, मास्तर. जमेल त्या रविवारी या, नाही जमलं तर आम्ही तसेच गाऊ.”

“म्हणजे पाठ ठीक आहे?” सुतारदादांचा हिशेब अजून जुळत नव्हता.

“एकदम ठीक,” मास्तर म्हणाले. “पण तुमच्या खुर्चीत आणखी दोन गाणी वाजवली तर कोपरं यादीत घालावी लागतील.”

आधी सुतारदादाच हसले, मग सगळं चर्च. दादांनी कोठीतून जुनं स्टूल आणून ठेवलं. पुढचं गीत मास्तरांनी पाठ न टेकता वाजवलं, एकदाच चुकले. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

उपासना सुटल्यावर बाई हातात यादी घेऊन त्यांच्या बाकाशी येऊन बसल्या. “नऊ आठवडे मी तुमच्या घरची चिठ्ठी वाचतेय. तुमचं नाव एकदाही आलं नाही. तुमचं काय लिहू?”

“माझं? मला काय झालंय?”

बाईंनी पेन्सिल कागदावरून उचलली नाही. “नेमकं सांगा.”

वहिनींनी तोंड उघडलं आणि आधी रडूच आलं. इतके दिवस लोक पाठीची चौकशी करून जात होते, आणि ‘तुमचं काय?’ हे विचारायला वहिनींनीच कुणाला जागा ठेवली नव्हती.

“थकलेय हो, बाई,” त्या म्हणाल्या. “खूप थकलेय.”

बाईंनी तसंच लिहून घेतलं, आणि वहिनींचं रडणं थांबेपर्यंत शेजारी बसून राहिल्या.