एक नोव्हेंबरपासून लागू

"सत्त्याऐंशी सालचं हाय का तुमच्याकडं? गाड्यांच्या टायमाचं पुस्तक?"

दारात पासष्टीची बाई उभी. नाव आसराबाई, वडीगोद्रीहून एसटीने आलेली. मस्तगडात कुणालाही विचारलं तरी माझं घर दाखवतात, जुनी वेळापत्रकं जपणारा येडा म्हातारा म्हणून. मी साहेबराव, रिटायर तिकीटबाबू. चाळीस वर्षांची पुस्तकं कपाटात आहेत. माझी बायको बेबीनंदा त्यांना रद्दी म्हणते. म्हणू दे. तिच्या स्टीलच्या डब्यांना मी कधी काही म्हणतो का?

"हाय ना, बसा. कोणती गाडी?"

"पिंपळखुट्याहून परभणीकडं जाणारी. सकाळची."

पिंपळखुटा! तिथल्या खिडकीत मी सहा वर्षं काढली होती.

"माय लई सीरियस होती," ती सांगू लागली. "सांगावा आला तशी निघाले. आठला टेसनावर होते. बाबू म्हणला, सातची गेली, आता दोनला. मंग सडकेनं ट्रक धरला. पोचले तं मायची तिरडी उचलून राह्यलते. राधाकिसनदादा म्हणतो, नऊची गाडी होती, पाव्हणे तिच्यानंच आल्ते, तूच आली न्हाई. अडतीस भाऊबिजा झाल्या, त्यानं ओवाळून घेतलं न्हाई. औंदा लकवा झालाय त्याला. नऊची गाडी नव्हतीच, एवढा कागद दाखवायचाय."

"तारीख?"

"मायच्या मौतीच्या दाखल्यावर हाय. एक नोव्हेंबर."

मी त्या सालची दोन्ही पुस्तकं काढली. एप्रिलच्या पुस्तकात पॅसेंजर सात दहाला होती. नोव्हेंबरच्या पुस्तकात तीच नऊ पाचला. वर ठळक छापलेलं, एक नोव्हेंबरपासून लागू.

दिवाळीची रजा संपवून मी त्याच दिवशी ड्यूटीवर आलो होतो. नवी पुस्तकं सुतळीसकट टेबलाखाली पडलेली. आठला खिडकीशी आलेल्या एका बाईला मी जुनंच उघडून सांगितलं. पावणेनऊला गाडीची घंटा झाली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाहेर पळालो, तर बाई कुठेच नाही. जरा हळहळलो आणि संध्याकाळपर्यंत विसरलोसुद्धा. काय माणूस आहे मी!

एप्रिलचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं असतं तर तिचं काम झालं असतं आणि माझीही अब्रू राहिली असती. ती काही तारखा तपासत बसणार नव्हती. मी ते पुस्तक उचललंही. मग खाली ठेवलं.

"बाई, नऊची गाडी होती. तुमचा दादा खरं बोलतो. पण खिडकीतला बाबू मीच. जुनं पुस्तक बघून सांगितलं. बिलकुल माझी चूक."

ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पिशवीतून फोन काढला, बटण दाबलं आणि माझ्यापुढे धरला.

"हेच त्याला सांगा."

सांगितलं. पलीकडून जड जिभेने राधाकिसनने विचारलं, "म्हंजे ती... आल्ती टेसनावर?"

"आल्ती. आठ वाजताच."

"आन मी तिला... फोन द्या तिला."

आसराबाईने फोन कानाला लावला. डोळ्यांना धार लागली होती, पुसायचंही तिला भान नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "जेवला का तू?"