ठिपके उडाले तरी मी मीच

मी एक जुना पाणभुंगा आहे, मित्रांनो. मेलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच हळहळत बसू नका. पण मेलो म्हणून गप्प बसेन, हे विसरा.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या एका खणात माझा मुक्काम आहे. जीव तांदळाच्या दाण्याएवढा. एका म्हाताऱ्या संशोधकाने मला झऱ्यातून पकडले, कागदाच्या तुकड्यावर डिंकाने पालथे चिकटवले, त्या कागदातून टाचणी आरपार घातली आणि पाठीवरचे दोन पिवळे ठिपके बघून मला नाव दिले. नाव दोन शब्दांचे. पहिला शब्द साऱ्या भावकीचा, आडनावासारखा. दुसरा फक्त माझ्या जातीचा. त्या जातीचा मूळ नमुना मी. जगात कुणालाही शंका आली, तर त्याने माझ्याशी ताडून बघायचे. म्हणून माझ्या टाचणीला लाल चिठ्ठी लागली. काय रुबाब होता माझा!

पुढे ठिपके उडाले. अहो, इतकी वर्षे पडून राहिल्यावर कुणाचा रंग टिकतो? नेमके तेव्हाच भुंग्यांचे जाणकार असलेले मोठे सर संग्रहालयात आले. माणूस भला, पण एकाच जातीला चार नावे दिलेली त्यांना खपत नसत. त्यांनी मला एका जन्मापासून बिनठिपक्यांच्या चुलतभावाशेजारी ठेवले, दोघांच्या पाठी बघितल्या आणि हे दोघे एकच, असे ठरवले. एका जातीला दोन नावे निघाली, तर आधी ठेवलेले राहते. आधीचे त्याचे होते. झाले! माझी जातच पुसली गेली. जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, अशी इथली रीत. म्हणून लाल चिठ्ठीखाली 'हा तोच' अशी सरांची चिठ्ठी लागली. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. म्हणे तोच! एकाच झऱ्यात पिढ्यान्पिढ्या राहूनही आमची सोयरीक एकदाही जुळली नाही. आपापसांत ज्यांचा वंश चालतो त्यांची जात एक, हे सरच शिकवायचे ना?

सरांची मुलगीही भुंग्यांच्याच नादाला लागलेली. ती त्या झऱ्यावर जाऊन बसू लागली. तिथले ठिपकेवाले आणि बिनठिपक्यांचे भुंगे एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे तिच्या ध्यानात आले. मग एक दिवस ती सरांना घेऊन माझ्या खणापाशी आली.

"बाबा, तुम्ही ह्याला उलटा करून बघितलं होतं?"

"चिकटवलेला नमुना कोण उपटतं? मोडला असता."

तिने उपटले नाही. कोमट पाण्याचे थेंब सोडत डिंक मऊ केला आणि बारीक कुंचल्याने मला अलगद उताणे केले. मीही सगळे पाय घट्ट धरून होतो. आता मोडायची माझी तयारी नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली माझे पोट आले. पोटावर सोनेरी केसांची दाट पट्टी, झऱ्यावरच्या ठिपकेवाल्यांना असते तशीच. चुलतभावाचे पोट मात्र गुळगुळीत.

सर बराच वेळ डोळा लावून बसले. शेवटी म्हणाले, "वेगळा आहे गं. नवी चिठ्ठी तूच लिही. माझी मात्र काढू नकोस. मी कुठे चुकलो ते कळू दे लोकांना."

माझे नाव मला परत मिळाले. मित्रांनो, आम्हा नमुन्यांना ओल लागू देऊ नका, कीड लागू देऊ नका. आमच्याखेरीज आमची साक्ष कुणी देणार नाही. आणि कुणालाही 'हा तोच' म्हणण्याआधी त्याला एकदा उलटून बघा. मला तर तिने आता उताणेच चिकटवले आहे. या कुणीही, बघा माझे पोट आणि मग बोला.