ढम्याच्या टोपलीतला स्वेटर

नाक मुरडू नका, मी स्वेटरच बोलतोय. बाही उसवलेली, कोपरावर भोक, अंगभर कुत्र्याचे केस, सगळं कबूल. पण एकेकाळी मीही दुकानात ऐटीत घडी घालून बसलो होतो आणि 'याला रंग खुलून दिसेल' म्हणत आईने मला लेकासाठी घेतलं होतं.

लेकाने मला कॉलेजभर पिदडलं. परीक्षेत बाही चावली, चहा सांडला आणि एकदा रस्त्यावर कुडकुडणारं पिल्लू माझ्यातच गुंडाळून घरी आणलं. तोच हा ढम्या. नाव बाबांनी ठेवलं. 'कुत्रं घरात नको' म्हणून ओरडले तेही बाबाच, आणि आठवडाभरात आपल्या ताटातलं त्याला भरवू लागले तेही बाबाच.

पुढे नोकरीवरून बापलेकाचं वाजलं. चांगली नोकरी सोडून लेकाला सुतारकाम करायचं होतं.

"माझ्या घरात राहून हे चालणार नाही," बाबा म्हणाले.

"मग नाही राहत," लेक म्हणाला.

तो शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिला. मी ढम्याच्या टोपलीत राहिलो. हट्टात कुणीच कुणाला हार जाईना.

माझ्यात नाक खुपसल्याशिवाय ढम्याला झोप येत नसे. आईही त्याला थोपटायच्या निमित्ताने वाकायची आणि हळूच मला नाकाशी धरायची. मला धुवायचं नाही, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण धुतलंही नव्हतं.

यंदा सुट्टीत आईबाबा फिरायला गेले आणि ढम्या सांभाळताईकडे सोपवला गेला. हे नाव सोसायटीतल्या पोरांनी पाडलेलं. सुट्ट्या लागल्या की लोक बॅगा भरतात आणि हिच्या पर्समध्ये परक्या घरांच्या किल्ल्या खुळखुळू लागतात. वरच्या मजल्यावरची मांजर, समोरच्यांचे मासे, आणि मुक्काम ढम्यापाशी. स्वतःची मुलं मात्र बहिणीकडे. बाई फार मायाळू. पण त्या मायेपोटीच घोळ झाला.

"अगं बाई, कसला हा वास! असल्यात झोपतोस होय रे?" म्हणत तिने मला उचलून मशीनमध्ये टाकलं.

मी बाहेर आलो तो घमघमाट घेऊनच. ढम्याने मला हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि दाराशी जाऊन पडला.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताईने गोंजारून पाहिलं, रागावून पाहिलं, हाताने भरवून पाहिलं. डॉक्टर येऊन गेले. "दुखणं काही नाही. मनाला लावून घेतलंय," म्हणाले. शेवटी तिने आईला फोन लावला, स्पीकरवर.

"काकू, त्याच्या टोपलीतला स्वेटर धुतला हो मी. तेव्हापासून कशाला तोंड लावत नाही."

पलीकडे आईने आवाज खाली आणला. मग आई म्हणाली, "मुलाचा नंबर देते तुला. तूच कर फोन. आणि यांच्या कानावर नको घालूस."

लेक तासाभरात आला, अंगावर लाकडाचा भुसा तसाच. ढम्याने त्याची पावलं जिन्यावरच ओळखली आणि असा काही विव्हळला की शेजारची दारं उघडली. लेकाच्या मांडीला टेकून त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. मग लेकाने ओढूनताणून मला अंगात घातलं आणि ढम्याला कुशीत घेऊन फरशीवर बसला. कमरेला मी पुरत नव्हतो. तरी खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

ताईने त्याच्यासाठी ताट वाढलं, तर म्हणाला, "नको ताई. बाबांच्या माघारी इथे जेवणं बरं नाही वाटत."

आईबाबा आज परतले. बाबांनी मला टोपलीतून उचलून झटकलं, तर फरशीवर भुसा पडला.

"तो आला होता?"

आई पडदा सारखा करू लागली. किल्ली द्यायला आलेल्या ताईनेच तोंड उघडलं. "हो काका. चूक माझी होती, मीच बोलावलं."

"मग जेवून गेला का?"

"नाही. तुमच्या माघारी नको म्हणाला."

बाबा मला घेऊन खुर्चीत बसले. चष्मा माझ्याच बाहीने पुसला. मग आईला म्हणाले, "लाव त्याला फोन. म्हणावं, मी आता घरी आहे."

आई घरभर फोन शोधतेय आणि फोन तिच्या हातातच आहे.

मी अजून बाबांच्या मांडीवर आहे, मंडळी. तुम्हाला एवढंच सांगतो, दुसऱ्याच्या घरातली वस्तू धुण्याआधी एकदा विचारत जा. माझं म्हणाल, तर आता लेक स्वतःच येणार आहे. आता मला खुशाल धुवा.