पुण्याहून आलेलं कफ सिरप

स्वानंदीच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. श्वासनलिका सैल करणारं हे औषध खेळाडूंना वर्ज्य आहे. ते कुठून आलं याबद्दल वाद नव्हता. मावशीने पुण्याहून आणलेल्या कफ सिरपमध्ये ते होतं. पण शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, असा नियम. चूक किती मोठी, तेवढंच लवादाला ठरवायचं होतं. बंदी दोन वर्षांपर्यंत जाऊ शकत होती, आणि रोइंगच्या राष्ट्रीय संघाची निवड तोंडावर आली होती.

स्वानंदीची आई सुनेत्रा परदेशात, हॅमिल्टन शहरातल्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट. स्वानंदीची बाजू मांडणारे जॉन्सनव्हिलचे वकील धैर्यशील यांनी तिला आधीच बजावलं होतं, "ताई, तुम्ही गप्प बसा. फार्मसिस्टने लेबल वाचलं नाही, हे रेकॉर्डवर आलं तर तुमच्या नोकरीवर बेतेल."

सुनावणी झूमवर झाली. हॅमिल्टनच्याच रोटोटुना भागातल्या घरात, जेवणाच्या टेबलाशी मायलेकी बसल्या.

"सिरप घेण्याआधी लेबल वाचलंस?" लवादाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही."

"का?"

"असंच. माय बॅड."

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. सुनेत्राने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"ती वाचणार होती. बाटली मीच तिच्या हातातून घेतली. म्हटलं, अगं, हे आपलं नेहमीचं, लहानपणापासून घेतेयस."

"आई, डोंट!"

"तुम्ही वाचलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"फक्त एक्स्पायरी. इथल्या दुकानातली बाटली असती, तर आतलं सगळं वाचलं असतं."

पुढच्या आठवड्यात धैर्यशीलांचा फोन आला. चार महिन्यांची बंदी. स्वानंदी लेबल वाचायला निघाली होती आणि जाणकाराने तिला थांबवलं, हे लवादाने मानलं होतं. यंदाची निवड हुकली, पुढचा मोसम वाचला.

स्वानंदी रडली, मग चिडली. "कशाला बोललीस? जॉब गेला तर?"

"गेला तर बघू. तू खोटं बोलत होतीस."

"तुझ्यासाठी!"

"कळलं मला ते. बावळट."

"यू आर हीप्स अनॉयिंग, आई. जाम पिडतेस."

सुनेत्राने हॉस्पिटलातल्या वरिष्ठांचा नंबर काढला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तिला स्वतःच सांगायचं होतं. "तू जरा बाहेर जा," ती म्हणाली.

स्वानंदी गेली नाही. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.