सोमारीची दंडार

सुपाला झटका दिला की तूस हातभर पुढे जाऊन पडतं. तांदूळ वर उडतो आणि पुन्हा जागेवरच येतो. मनकर्णा कुडाच्या भिंतीआड बसून पाखडत होती. कान मात्र ओट्याकडे.

ओट्यावर तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ रामाजी, नागपूरहून आलेल्या प्रोफेसरांना सोमारीची दंडार गाऊन दाखवत होता. दर हिवाळ्यात गाव हे गाण्यांचं नाटक रात्रभर खेळायचं. सोमारी याच गावची. जुन्या मालगुजाराने, गावाच्या जमीनदाराने, तलावाचं पाणी अडवलं, तेव्हा तिने कुदळीने बांधाची पाळ फोडली होती. धाकाने गावाने तिचं नाव घेणंही टाकलं. मालगुजारी गेली तशी मनकर्णाने म्हाताऱ्या बायांना विचारून विचारून ती गोष्ट उकरली, गाणी बांधली. "बाईच्या नावानं दंडार उभी राह्यते काय?" म्हणत रामाजीने शेवटच्या कडव्यात कर्ता म्हणून आपलं नाव घातलं. आता चामोर्शीच्या बाजारातही तो 'दंडारवाले रामाजी' म्हणून मिरवायचा.

भासऱ्यापुढे बाईने तोंड उघडायचं नाही, ही रीत. त्यामुळे तो अडला की दोनदा खोकायचा, आणि सुपाच्या आवाजाआडून हलकेच पुढची ओळ यायची.

प्रोफेसर आता ही दंडार छापणार होते. सकाळी ओटा मनकर्णानेच सारवला. चटईही तिनेच टाकली, रामाजीचा चेहरा अंगणात जमणाऱ्या साऱ्या गावाला दिसेल अशी.

"मालगुजार पाळीवर आला," रामाजी रंगात आला होता. "सोमारीनं कुदळ उचलली अन् म्हनली..."

तो दोनदा खोकला.

भिंतीआड सूप थांबलं.

"काय म्हनली, भाऊ?" ढोलकीवाल्या मुखरूने विचारलं.

रामाजी पुन्हा खोकला, जोरात.

"खोकूनच सांगतं काय आता?" मुखरू म्हणाला, आणि गाव हसलं.

"थांब ना लेका, जिभेवर हाये!" रामाजी ओरडला. "अवो, कोनी पानी आना!"

कुडाच्या फटीतून मनकर्णाला त्याच्या मिशीपर्यंत ओघळलेला घाम दिसत होता. तिने तो निवांत पाहून घेतला. मग ओट्यावर येऊन पाण्याचा गडवा त्याच्यापुढे ठेवला आणि डोक्यावर पदर न ओढता प्रोफेसरांकडे वळली.

"पुढचं मले येते. मांगचंबी माहंच हाये, सारी दंडार मी बांधली. पन यायले आता एक ओळ सांगनार नाई. लिहाचं असन, तं पहिले माहं नाव लिहा."