आधारवर्ष

बाईंनी अहवालाचं शेवटचं पान उलटलं, चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. उद्दिष्ट : तीस टक्के घट. साध्य : एकतीस.

"चूक आहे," त्या म्हणाल्या. "एक भट्टी बंद झालेली नाही, एक चिमणी थंड पडलेली नाही. धूर कमी झाला कुठून?"

सचिवसाहेब खुशीत खुर्ची झुलवत होते. "तुमच्याच कृपेने, बाई!"

बाई विधी विभागात मसुदे लिहीत. हवामान कायद्याचा मसुदा त्यांच्याच हातचा. 'शक्यतोवर', 'यथावकाश' असले पळवाटांचे शब्द त्यांनी तांदळातल्या खड्यांसारखे वेचून फेकले होते. किती धूर कमी करायचा तो आकडा घातला, पाच वर्षांनी आढावा घातला आणि कलम नऊ घातलं : उद्दिष्ट चुकलं तर कोळशाची जुनी वखार बंद. त्या वखारीच्या आगीत बाईंचा दादा गेला होता. त्याच्या जागी आता त्याचीच लेक कामाला होती. "पहिल्या आढाव्यात टाळं लागेल," असा शब्द बाईंनी वहिनीला दिला होता.

राहिलं होतं आधारवर्ष. घट कोणत्या वर्षाच्या तुलनेत मोजायची? बाईंनी आगीचं वर्ष लिहिलं. दर आढाव्याला ते वर्ष सगळ्यांच्या तोंडी यावं, दादाला कुणी विसरू नये, एवढाच हेतू. एरवी स्वल्पविरामावरून डोकं खाणाऱ्या साहेबांनी त्या ओळीवर मुकाट सही केली. दगडाला पाझर फुटला म्हणून बाईंचे डोळे भरून आले होते. वेडी बाई!

"त्या वर्षी वखार सात महिने धुमसत होती," साहेब म्हणाले. "धुराचा आकडा आभाळाला टेकलेला. आग विझली, तिथेच आपली घट झाली."

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"अहो, ऊर्जा खात्यात पंधरा वर्षं घासलीत मी. पण सुचवायची हिंमत नव्हती. मेलेल्या माणसांचं वर्ष! लोकांनी जोड्याने मारलं असतं. तुम्ही पडलात बहीण. तुम्हाला कोण बोलणार?"

आकडे कायद्याबरहुकूम असल्याचा दाखला मसुदाकाराने द्यायचा, हेही कलम बाईंचंच. त्यांनी एकेक ओळ बोटाने तपासली. कुठे फट नव्हती. काम पक्कं होतं. त्यांनी सही केली.

"पुढच्या आढाव्यालाही हेच वर्ष ठेवू," साहेब कागद उचलत म्हणाले. "लाभतं आपल्याला."

ते गेले आणि फोन वाजला. वहिनी होती.

"वन्सं, झाला आढावा? ह्यांचं वर्ष वाचलं का सगळ्यांनी?"

"वाचलं."

"किती वेळा?"

बाईंनी समोरच्या प्रतीकडे पाहिलं. "प्रत्येक आकड्यासमोर आहे, वहिनी."

पलीकडे वहिनी हसता हसता रडली. "सार्थक झालं बघा! थांबा, पोरगी डबा घेऊन दारातच उभी आहे, कामाला निघालीय. तुम्हीच सांगा तिला."

फोन हातातून हातात गेला.

"आत्या," भाची म्हणाली, "मग आता किती दिवस जायचं गं?"