आमच्या गल्लीचा निळा कोट

मित्रांनो, मी एक जुना निळा कोट आहे. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका गल्लीत राहतो आणि सध्या भयंकर रागावलेलो आहे.

नांग पुरिता, म्हणजे पुरिताताई, या शिंपिणीने मला शिवलं ते स्वतःच्या लेकासाठी. लेक जहाजावर नोकरीला गेला, मी मागे राहिलो. तेव्हापासून कॉलेज संपलेलं प्रत्येक पोर परदेशी नोकरीच्या मुलाखतीला मलाच घालून जातं. खांदे उतरत असतील तर टाचण्या लावून मला अंगावर बसवतात. नोकरी लागली की "कोट लकी आहे हं!" म्हणून माझं कौतुक होतं. पण घामाने भिजलेल्या मला घटकाभर उन्हात टाकावं, हे कोणालाही सुचत नाही. तो राग मी गिळला. परवाचा मात्र गिळवत नाही.

आयरा मे ही गल्लीतली पोरगी नर्सिंग शिकलेली. तिला परदेशी इस्पितळात नोकरीला लावून देणारा एजंट म्हणाला, "परवा सही करायला ये. त्याआधी निरोपाचं जेवण उरकून घ्या." आमच्याकडे ते जेवण झालं की माणूस गेल्यातच जमा. तिच्या आईने डुक्कर भाजलं. अख्खी गल्ली जेवली, गायली आणि गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी मला घालून ती एजंटासमोर बसली.

"इस्पितळातली जागा भरली, इंडाय," तो म्हणाला. आमच्याकडे पोरींना 'इंडाय' म्हणतात. "घरकाम आहे. स्वयंपाक, धुणीभांडी आणि एक म्हातारी."

"सर, मी नर्स आहे!"

"मग जा की घरी. काल जेवण झालं ना? आता गल्लीला काय तोंड दाखवशील?" तो हसला. "आणि हा कोट इथेच ठेव. तिकडे अ‍ॅप्रन देतात."

माझ्या शिवणी तटतटल्या! जेवणाची घाई त्याने का केली, ते मला तेव्हा कळलं. पोरीचा परतीचा रस्ता आमच्याच गल्लीने मिटक्या मारत बंद केला होता. आयरा मेने पेन उचललं. मग तिने पेन खाली ठेवलं आणि ती उठली.

गल्लीच्या तोंडाशीच शेजारचा नॉंग बेर्तो, म्हणजे बेर्तोदादा, ओरडला, "काय गं, विमान चुकलं वाटतं? आमचं रडणं फुकट गेलं की!"

तिची मान खाली गेली. तेवढ्यात पुरिता दारातून कडाडली, "डुक्कर पचलं ना तुला? मग गप बस! इंडाय, तू आत ये. जेवलीस का?"

संध्याकाळी आयरा मेने मला धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं. पुरिताला म्हणाली, "पुढच्या मुलाखतीला लागेल, नांग."

मित्रांनो, मला खुशाल वापरा, पण धुऊन ठेवा. जाणाऱ्याला जेवू घाला, पण जे पोर हात हलवत परत येईल त्याचंही पान वाढा. नाही वाढलंत, तर त्या एजंटाचं काम तुम्हीच फुकटात करताय.